पत्र्यावरची टाच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, उमरीच्या सख्ख्या बहिणीलाही नाही. आणि एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही बरं का! गल्लीत कुणाची सोयरीक मोडली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, की दिवेलागणीपर्यंत माझ्याकडून चार घरी पोचलेलं असतं. मग हेच एवढं कसं टिकलं? तीस वर्षं — त्याहूनही थोडी जास्तच. आज सांगायलाच बसलेय. आणि लपवायचंच नाही असं ठरवलंय तर हेही सांगते — एक प्रकारची हुरहूर लागलीय, शाळेत स्टेजवर जायच्या आधी लागायची तशी. आता मागं फिरणार नाही.

आधी सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सांगते. आमच्या घरात लग्न असो, बारसं असो, पंगत उठून सुपारी कातरली जायला लागली की कुणीतरी म्हणतंच, ती मनूची गोष्ट सांगा की. मनू म्हणजे माझ्या थोरल्या जावेची मुलगी. आणि गोष्ट सांगायची मी — तो माझा मानच आहे. भूकंपानंतरचं साल. अजून अधूनमधून जमीन हलायची. एका रविवारी दुपारी असाच हादरा बसला, सगळे जीव मुठीत धरून अंगणात पळाले, माणसं मोजली तर मनू नाही. आत जाऊन बघतात तर दोन वर्षांची पोर स्वयंपाकघरात बसून भाकरी खातेय! इथं मी जरा थांबते आणि म्हणते, अख्खं लातूर रस्त्यावर आणि आमची मनू ताटावर. लोक पोट धरून हसतात. मनू स्वतः हसते. मीही हसते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

गोष्ट खरी आहे. त्यातला एक शब्द खोटा नाही. फक्त ती जिथून सुरू व्हायला पाहिजे तिथून मी ती कधीच सुरू करत नाही.

मी लग्न होऊन लातूरला आले ती मास्तरांच्या घरात. सासरे अहमदपूरच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले — त्यांना आम्ही मामा म्हणायचो. मोठे दीर कॉलेजात, आमचे हे शाळेवर. आणि थोरली जाऊ, आमची अक्का, मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. पर्मनंट! त्या काळी लातुरात अनुदानित शाळेत पर्मनंट बाई म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. साडी इस्त्रीची, खांद्याला पर्स, साडेदहाला घराबाहेर. आणि मी? बारावी सायन्सला दोनदा नापास. जेवताना घरात पेपर तपासण्याच्या गोष्टी चालायच्या आणि मी वाढत असायचे. कुणी मला कधी टोचून बोललं नाही, हे त्यांचं चांगुलपण. पण कुणी काही विचारलंही नाही. माझ्याकडं विचारण्यासारखं होतंच काय?

मग भूकंप झाला. आमच्या घराला भेगा गेल्या, माणसं वाचली. पण आत झोपायची कुणाची छाती होईना. अंगणात पत्र्याचं शेड ठोकलं आणि आम्ही सगळे त्यात राहायला गेलो. चूल तिथं, अंथरुणं तिथं, मामांची वर्तमानपत्रंही तिथं. दर चार दिवसांनी जमिनीतून घूं घूं असा आवाज यायचा आणि कुणीतरी ओरडायचं, हल्लं, हल्लं! — की सगळे बाहेर. मनू तेव्हा वर्षाची. ती बोलायला लागली त्याच दिवसांत, आणि तिच्या पहिल्या दहा शब्दांत आई, दूध, माऊ यांच्या जोडीला हल्लं हा शब्द होता. कुणी तो म्हटला की ती मुठी आवळायची. पोरं नवे शब्द कुठून घेतात? आमच्याच तोंडून की.

शाळा सुरू झाल्या तशी अक्का कामावर जायला लागली आणि मनूचं दुपारचं जेवण माझ्याकडं आलं. ही पोर खाईना म्हणजे अजिबात खाईना! मऊ भात नको, वरण नको, दूध-भाकरीचा काला तोंडाजवळ नेला की मान अशी फिरवायची की घास कानात. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, मामांच्या काठीचाही एक घास झाला. मामा, चाळीस वर्षं पोरं ज्यांना टरकून होती ते मामा, तिच्यापुढं बकरीचा आवाज काढायचे. ती हसायची, हसताना तोंड उघडायची, मी घास सारायचे — आणि ती तो गालात धरून ठेवायची. तासभर! दुपारी झोपवलं तरी गालात. संध्याकाळी अक्का यायची, पर्स न काढता आधी वाटी बघायची. वाटी भरलेली असायची. माझी मान खाली जायची. वाटायचं, एवढं एक काम मला दिलंय, त्यातही मी नापास.

आता येते त्या दुपारवर. बघा, इथंच माझी जीभ अडते दरवेळी.

लेकराला भरवायची आमच्याकडची बैठक तुम्हाला माहीतच असेल. जमिनीवर पाय लांब करून बसायचं, लेकराला पायांवर टेकवायचं, वाटी बाजूला. शेड अरुंद होतं, त्यामुळं पाय लांब केले की माझ्या टाचा समोरच्या पत्र्याला लागायच्या. त्या दिवशी मनूनं तिसरा घास थुंकला, माझ्या साडीवर. मी चिडले. चिडून पाय झटकला आणि टाच पत्र्यावर बसली — थडथडथड असा आवाज पार आढ्यापर्यंत गेला. पायांवरची मनू हलली. तिनं मुठी आवळल्या, डोळे मोठे केले आणि तोंड उघडलं. रडायला उघडलं असेल. पण मी घास घातला. आणि तिनं गिळला!

मी दोन क्षण बघतच राहिले. मग — आणि हे मी चिडून केलं नाही, पूर्ण शुद्धीत केलं — मी पुन्हा टाच आपटली आणि हळूच म्हणाले, "हल्लं बघ मनू. घास घे, की थांबतं." तिनं घास घेतला. मी पाय थांबवले. थांबलं. पुन्हा टाच, पुन्हा घास, पुन्हा थांबलं. वाटी रिकामी झाली. पहिल्यांदा! बोटानं निपटून घ्यायलाही काही उरलं नाही.

तुम्हाला काय वाटतं, मला वाईट वाटलं असेल? मला आनंद झाला होता. असा आनंद की मी ती रिकामी वाटी घासलीच नाही, अक्का येईपर्यंत तशीच ठेवली, तिला दिसावी म्हणून. अक्कानं वाटी बघितली, मनूचं पोट चाचपलं आणि माझा हात धरला. शाळेतल्या बाईनं माझा हात धरला. म्हणाली, मला जे जमलं नाही ते तू केलंस. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, काही नाही हो अक्का, गोष्टी सांगत भरवलं. पहिलं खोटं ते. किती सहज आलं!

मग काय, माझे दिवसच पालटले. मनू रोज जेवायला लागली. दवाखान्यातल्या काट्यावर तिचं वजन वाढलेलं दिसलं, डॉक्टरीणबाईंनी कोण भरवतं म्हणून विचारलं, आणि अक्कानं माझं नाव सांगितलं. गल्लीत बातमी गेली. शेजारच्या दोघी आपापली पोरं दुपारी माझ्याकडं आणून बसवायला लागल्या. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघायला सुरुवात झालीच होती, ह्या सरांची बॅच, त्या सरांची बॅच. मामा जेवताना म्हणाले, "आपल्या धाकट्या सूनबाईनं घास भरवायचा क्लास काढला हाय. हिचा निकाल शंभर टक्के." सगळे हसले. त्या घरात निकाल हा शब्द माझ्या नावाला पहिल्यांदा चिकटला होता. त्या दिवशी मला धड झोप लागली नाही, एवढी मी हरखले होते.

आणि आता जे सांगते ते याहून वाईट आहे. शेजारची पोरं यायला लागल्यावर मनू त्यांचं बघून आपली आपण खायला लागली होती. टाच न आपटता. मी ते बघितलं होतं. म्हणजे मला तेव्हाच थांबता आलं असतं, नाही का? पण पोरं घरी गेली, मनू आणि मी दोघीच उरलो, की मी उरलेले चार घास माझ्या पद्धतीनं द्यायचे. गरज नसताना. का? कारण मला मजा यायची. हो, मजा. माझ्या एका टाचेवर ते एवढंसं तोंड उघडायचं आणि दुसऱ्या क्षणी, मी थांबवलं म्हणून, तिच्या मुठी सुटायच्या आणि ती माझ्याकडं अशी बघायची जणू मीच तिला वाचवलं. घरात दुसरं कुणीही माझ्याकडं तसं बघत नव्हतं. मला ते बघणं हवं होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर भेगा बुजवून आम्ही घरात परतलो. तिथं पत्रा नव्हता, पण स्वयंपाकघरात ज्वारीची पत्र्याची कोठी होती. मी तिच्यापुढं पाय लांब करून बसायला लागले. कोठी भरलेली असली की आवाज दबका यायचा, ज्वारी संपत आली की खणखणीत यायचा. एवढं बारीक मला आजही आठवतं.

मनूत काही बदल झाला होता का? झाला होता, आणि मला दिसला होता. रस्त्यानं मालट्रक गेला, खिडकीची तावदानं वाजली, की ती असेल तिथून धावत माझ्याकडं यायची, समोर उभी राहायची आणि तोंड उघडायची. हातात काहीच नसायचं माझ्या. मग मी शेंगदाणा म्हणा, गुळाचा खडा म्हणा, काहीतरी तोंडात टाकायचे. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, बघा कशी खादाड झाली. मीही तसंच म्हणायचे. मला कळत नव्हतं असं नाही. कळून मी गुळाचा खडा पदराला बांधून ठेवत होते.

तर तो रविवार. जेवणं उरकली होती. मामा वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडले होते, अक्का अंगणात केस वाळवत वह्या तपासत होती, मनू तिच्याजवळच मातीत खेळत होती. मी दाराशी तांदूळ निवडत होते. आणि घूं घूं सुरू झालं. जमिनीनं असा काही झोका दिला की सुपातले तांदूळ उडाले. सासूबाई ओरडल्या, हल्लं, हल्लं! मी सूप टाकून बाहेर, मामा बाहेर, हे बाहेर, मोठे दीर बाहेर, सगळी गल्ली रस्त्यावर. आणि अक्का किंचाळली, मनू कुठाय?

नीट ऐका. मनू अंगणात होती. आईपासून हातभर लांब, उघड्यावर, सगळ्यात सुरक्षित जागी. अंगणातून ती आत गेली होती. सगळे आतून बाहेर पळत होते तेव्हा ती एकटी, सगळ्यांच्या पायांमधून, बाहेरून आत पळाली होती.

अक्का आत धावली. मागून मी. मी मागून धावले, पुढं नाही — हेही सांगून ठेवते. भिंतीवरच्या फळीवरून पितळी डबे खाली येत होते. एक अक्काच्या कपाळावर बसला. मनू कोठीसमोर बसली होती, टोपलीतली भाकरी दोन्ही हातांनी तोंडात कोंबत. गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले, आवाज नाही. चेहरा काळानिळा पडत चाललेला. तरी हात थांबत नव्हते! अक्कानं तिला उचलून बाहेर आणलं, सासूबाईंनी पालथी धरून पाठीत गुद्दे घातले — एक, दोन, कितीतरी. भाकरीचा लगदा पडला. मग श्वास. मग रडणं. एवढ्यात जमीनही शांत झाली होती.

अक्काच्या कपाळातून रक्त गळत होतं आणि ती मनूला छातीशी धरून बसली होती. मनूनं तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. हुंदका देत म्हणाली, "काकू, मी खाल्लं. थांबलं ना?"

सगळे ते ऐकत होते. कुणालाच काही कळलं नाही. लेकराचं बोलणं, बाबा, काहीही जोडतं. एकटीला मला कळलं. तिनं आम्हाला वाचवायला खाल्लं होतं. दोन वर्षांची पोर, गल्लीभर माणसं नुसती ओरडत असताना, एकटीच हादरा थांबवायला गेली होती. आणि तिच्या हिशेबानं तिनं तो थांबवलाही होता. मी काय केलं? जवळ गेले, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "थांबलं गं बाई. शहाणी माझी." तेव्हाही माझ्या डोक्यात पहिला विचार हाच होता की तिनं पुढं काही बोलू नये.

इथंच थांबले असते तर कदाचित एक मूर्ख पोरगी म्हणून मी स्वतःला ओळखलं असतं. तेविशीची होते, अक्कल नव्हती, असं काहीतरी. पण खरी गोष्ट याच्या पुढं आहे, आणि ती अकलेची नाही.

दोन दिवसांनी घरात बैठक बसली. कुणी कुणावर ओरडलं नाही. पण मोठ्या दिरांनी विषय काढला की लेकरू आईजवळ खेळत होतं, तरी आईला बिलगलं नाही, हे काही बरं लक्षण नाही. सासूबाई म्हणाल्या, दिवसभर आई डोळ्याला पडत नाही, मग लेकरानं जावं कुणाकडं? अक्काच्या कपाळाला पट्टी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग उठून माझ्याकडं स्वयंपाकघरात आली. मी चहा गाळत होते. तिनं मला विचारलं, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच उत्तर पाहिजे होतं तिला. "तू दिवसभर तिच्यापाशी अस्तीस. मी हातभर अंतरावर होते गं. ती माझ्याकडं कामून आली न्हाई?"

बघा, तिनं मला विचारलं होतं. त्या घरात मला कुणी काही विचारत नाही म्हणून मी झुरत होते ना? हा तो प्रश्न होता, आणि उत्तर जगात फक्त मला येत होतं. कोठी माझ्या पाठीमागं होती. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, "तिला तुमची सवय तुटली अक्का."

अक्कानं मान हलवली, गणित सुटल्यावर हलवतात तशी. बाहेर गेली आणि म्हणाली की मी राजीनामा देते. मामांनीच मसुदा लिहून दिला, त्यांच्या त्या वळणदार अक्षरात. मी सगळ्यांना चहा दिला. अक्कानं सही केली तेव्हा तिचा कप माझ्या हातात होता आणि मी तो तिच्यापुढं ठेवला, साखर जास्त घालून. मला तेव्हा दुःख झालं का? भीती गेली. हायसं वाटलं. पुढचं खूप नंतर वाटायला लागलं.

त्यानंतर लातूर कुठल्या कुठं गेलं तुम्ही बघितलंच आहे. निकालांचे फलक, चौकाचौकात टॉपरांचे फोटो, हिमायतनगरपासून कुठून कुठून ट्रंका घेऊन येणाऱ्या पोरी. आमच्या अंगणातल्या त्याच शेडमध्ये दीर आणि हे मिळून क्लास चालवायला लागले आणि तो असा धावला की वर्षभरात दुसरं शेड घालावं लागलं. दिवसाला तीन बॅचेस! गणिताला मास्तर मिळेना म्हणून बाहेरून आणले. आणि घरात गणिताची बाई होती — ती माझ्याबरोबर पोरींच्या डब्यासाठी भाकऱ्या थापत होती. डबा न्यायला आलेली एखादी पोर गणितावर अडली की अक्का परातीतल्या पिठावर बोटानं रीत मांडून दाखवायची. पोरी तिला म्हणायच्या, काकू, तुम्हीच शिकवा ना आम्हाला. अक्का हसून पीठ सारखं करायची. मी शेजारी बसलेली असायचे. ते बोट पिठावरून फिरताना मी हजारदा बघितलंय आणि हजारदा मी पुढची भाकरी तव्यावर टाकलीय.

मनू मोठी झाली. हुशार, अक्काच्या डोक्याची. पण टेस्ट जवळ आली की खायची. भूक म्हणून नाही, घाबरून. दप्तरात भाकरीचे तुकडे सापडायचे, चटणीही नाही सोबत, नुसते कोरडे. बारावीच्या वर्षाला तर परीक्षेच्या सकाळी एवढं खाल्लं की केंद्राच्या दारात उलटी झाली. अक्का तिला नांदेडला एका मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेली, मीही सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून? लहानपणी काही झालं होतं का? अक्का म्हणाली, "माझीच चूक हाय डॉक्टर. लहान होती तवा मी नोकरी करत होते." मी मांडीवर डब्याची पिशवी घेऊन बसले होते. भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. ही दुसरी संधी. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

आणि मग मी काय करायला लागले सांगू? ती गोष्ट रंगवून सांगायला लागले. लोकांनी हसावं, मनूनं हसावं, इतकं हसावं की कुणाला विचारावंसंच वाटू नये की ती आत का पळाली. आजवर कुणी विचारलेलं नाही. अक्का त्या गोष्टीला कधी हसत नाही, उठून पाणी प्यायला जाते. मी ते बघते आणि सांगत राहते.

गेल्या महिन्यात मनू आली होती, नांदेडहून, लेकीला घेऊन. लेक सव्वा वर्षाची. आणि ती पोर खात नाही! मनूच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात वाटी, मोबाईलवर गाणी लावलेली, पोरीनं घास गालात धरलेला. अक्का शेजारीच शेंगा फोडत बसली होती. मनू मला म्हणाली, "काकू, मला तू कसं भरवायचीस? सगळे म्हणतात मी तुझ्या हातानंच खायला शिकले. खरं सांग ना. मला तेच करून बघायचंय."

अक्कानं शेंगा फोडायच्या थांबवल्या, तीही बघत होती. दोघी समोर होत्या. दोघींना ऐकायचं होतं. दोघींचं मी जे घेतलं होतं ते एका वाक्यात त्यांना परत मिळालं असतं, निदान कळलं तरी असतं. माझ्या मनात वाक्य तयारही होतं, खोटं नाही सांगत.

मी म्हणाले, "काही न्हाई गं, चिऊचा घास, काऊचा घास. आन् धीर धरायचा."

मनूनं ते खरं मानलं. मोबाईल बंद केला, पाय लांब करून बसली, लेकीला पायांवर घेतलं आणि चिऊचा घास सुरू केला, प्रेमानं, जराही न चिडता. पोरीनं मान फिरवली. काऊचाही घेतला नाही. मनू अर्धा तास तशीच बसून राहिली. शेवटी वाटी खाली ठेवून माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, "तुझ्याएवढी माया माझ्यात न्हाई काकू."

अक्का म्हणाली, "तिची गोष्टच वेगळी हाय."

मी वाटी उचलली आणि घासायला घेऊन गेले.